गादीतून निघालेलं बँकेचं पुस्तक

शहादा, ता. २८ डिसेंबर १९३६

वडीलबंधू दाऊदभाई यांना धाकट्या शब्बीरचे, धुळ्यापर्यंत पोचतील एवढे सलाम.

इकडे आम्ही सगळे अल्लाच्या मेहेरबानीने जिवंत आहोत. (खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण हजला निघालेल्या माणसाने खोटं लिहू नये म्हणून हात आखडला.) सुरैय्याभाभींचा गुडघा आता कसा आहे? बोटीवर शिड्या फार असतात असं इथला एक जाऊन आलेला हाजी सांगतो, तेव्हा आतापासूनच एरंडेल चोळायला सांगावं. तुमची भूक, झोप आणि हातातलं काम ठीक असेल अशी आशा करतो. खरं तर हे पत्र उर्दूत असायला हवं होतं, पण उर्दू मला लिहिता येत नाही आणि तुम्हाला वाचता येत नाही. आपण दोघांनी एकाच मराठी शाळेत एकाच मास्तरांची छडी खाल्ली, तेवढी भाषा अजून हातात आहे. मौलवीसाहेबांकडून लिहून घेतलं असतं तर मजकूर तुमच्या आधी सगळ्या शहाद्याला कळला असता. म्हणून माझ्याच अक्षरात लिहितो. अक्षर थरथरलेलं दिसेल. ते थंडीने आहे असं तुम्ही समजलात तर माझी हरकत नाही.

हजला निघण्याआधी काय काय मोकळं करावं लागतं ते मी तुम्हाला काय सांगावं. तुम्हीही तिकडे तेच करत असाल. नमाज चुकली, रोजा चुकला, ते अल्ला आणि आपण बघून घेऊ, पण माणसाचं देणं त्या माणसालाच फेडावं लागतं आणि माणसाला दिलेलं दुःख त्या माणसानेच माफ करावं लागतं, नाही तर सगळी यात्रा पाण्यात. मी रमजानभर याच्याच मागे होतो. पहिली भाजीवाली गजराबाई गाठली. तिच्या बापाच्या झाडाचे पेरू मी दहाव्या वर्षी चोरले होते, त्याचे दोन आणे तिच्या पुढ्यात ठेवले. तर ती म्हणाली, "दोन आना? त्या पेरूस्ना आते बगीचा व्हयी जाता, भाऊ!" आणि बगीच्याचा हिशेब लावून आठ आणे घेतले. धुडकू न्हाव्याला इन्फ्लुएंझाच्या सालातल्या सहा हजामती आठवल्या. (त्या साली मी दाढी राखली होती. पण वाद घातला तर त्याचीही माफी मागावी लागेल, म्हणून दिले.) शब्बीर पिंजारी जुनी देणी फेडतोय ही बातमी बाजारात पसरल्यावर तर ज्यांना मी ओळखतही नव्हतो अशी माणसं दुकानासमोर येऊन उभी राहू लागली, आणि मी द्यायला लागलो की त्यांनाच शरम वाटून ती जाऊ लागली. शेवटी ईदीनंतरच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर मी मशिदीत उभा राहिलो आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की माझ्याकडे कुणाचं काही असेल तर त्याने घेऊन जावं, आणि कुणाला मी दुखवलं असेल तर त्याने माफ करावं. लोकांनी "माफ केलं, माफ केलं" म्हटलं. दोघे-तिघे रडलेदेखील. बाहेर पडताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी, माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे, चारचौघांत बोलून गेलो की आज सगळ्या तालुक्यात माझ्याइतका बिनकर्जी माणूस सापडणार नाही. हे मी शुक्रवारी बोललो. शनिवारी ते पुस्तक निघालं.

झालं असं, की हजला निघणाऱ्याच्या घरी हार घेऊन माणसं येतात, ती बसतात, आणि आमच्या घरात बसायची एकच मोठी गादी आहे. लोकांच्या गाद्या पिंजून देणाऱ्याच्या घरची गादी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. तिच्यात इतक्या गाठी पडल्या होत्या की आलेला पाहुणा एका कुशीवर बसून दुसऱ्या कुशीवर उठायचा. अख्तरबानो गेली पंधरा वर्षं दर ईदीला सांगते की ती एकदा उसवा आणि पिंजा, आणि मी गेली पंधरा वर्षं दर ईदीला गिऱ्हाइकांची कामं पुढे करतो. या वेळी मात्र तिने मला विचारलंच नाही. मी वखारीत रुई पाहायला गेलो असताना तिने शिवण उसवली, कापूस अंगणात उपसला आणि मी आलो तेव्हा पिंजायची धनुकली माझ्या हातात दिली. शेजारच्या चार बायका बघत उभ्या, काय करणार? पिंजायला लागलो. तिसऱ्या ठोक्याला धनुकलीची तात नेहमीसारखी झणझणली नाही, ठक् करून थांबली. कापसातून एक निळं पुस्तक उडालं आणि अख्तरबानोच्या पायाशी पडलं. त्याच्यावर इंग्रजी छाप, आणि आत माझी सही. नंदुरबारच्या स्टेशनाजवळच्या बँकेचं पुस्तक, साल १९२१. मी म्हणालो, अरेच्चा, हे कधी काढलं होतं? कशासाठी काढलं होतं? तिथे कसं गेलं? काही म्हणता काही आठवेना. चार बायकांसमोर मी डोकं खाजवत उभा राहिलो आणि त्या चारही जणींनी माझी कीव केली.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथूनच माझी झोप उडाली. मला इंग्रजी अक्षर येत नाही पण आकडे येतात, रेल्वेच्या तिकिटांवरून शिकलेले. पुस्तकात समोरासमोर दोन रकाने होते. डावीकडच्या रकान्यात एकच रक्कम, वीस रुपये. उजवीकडच्या रकान्यात दोन, शंभर आणि साठ. लहानपणी मी दोन वर्षं कपाशीच्या पेढीवर होतो हे तुम्हाला आठवत असेल. तिथल्या मुनीमजींनी दुसरं काही शिकवलं नाही पण एक गोष्ट कान पिळून डोक्यात बसवली: वहीची डावी बाजू जमेची, उजवी बाजू नावेची. अख्ख्या खानदेशात, गुजराथेत, जिथे जिथे लाल कापडाची वही उघडते तिथे हेच. म्हणजे मी बँकेत भरले वीस आणि उचलले एकशे साठ. एकशे चाळीस रुपये बँक मला पंधरा वर्षं मागतेय, आणि मी त्या पुस्तकावर पंधरा वर्षं पाय पसरून झोपतोय! मी कापसावरच बसलो.

अशा वेळी माणूस शहाण्याकडे जातो. मी लोणखेड्याच्या लोटन पाटलाकडे गेलो. (लोटन माझा जुना दोस्त, माणूस सोन्यासारखा, पण दुसऱ्याच्या संकटात त्याला फार गोडी.) तो उसाला पाणी देत होता. त्याने चिखलाचे हात धोतराला पुसून पुस्तक दोन्ही बाजूंनी पाहिलं, उलटं धरूनही पाहिलं, आणि म्हणाला, "मुद्दल सोड रे. व्याज कितलं व्हयनं ते दख." सावकार शेकडा दोन रुपये महिना घेतो, मग साहेबलोकांची बँक काय कमी घेईल, असं म्हणून त्याने बांधावरच्या ओल्या मातीत काडीने आकडे मांडले. दर वर्षीचं व्याज मुद्दलात मिळवत मिळवत तो बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोचला आणि तिथून त्याने ओरडून सांगितलं, "तीन हजार पाचशे सत्तावीस!" आणि वर काही आणे. आणे त्याने सोडून दिले, दोस्तीखातर. मी विचारलं, लोटन, आता जप्ती येईल का? तर तो म्हणतो, "तुन्हाकडे जमीन नही, बैल नही. जप्तीवाला काय ली जाई? धनुकली ली जाई आनि तुले ली जाई." आणि हसला. असं हसणं शेजारधर्मात बसतं का, तुम्हीच सांगा.

अख्तरबानोला मी काही सांगणार नव्हतो, पण घरी आल्यावर तोंडावरून तिने ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मियाँ, हजकू जाने का है के जेलकू? ठरवके बोलो, रोटियाँ किस हिसाबसे भूननी." भाई, त्या बाईने बारा वर्षं कोंबड्यांची अंडी विकून आपल्या तिकिटाचे पैसे जमवलेत. तिचा प्रश्न चेष्टेचा होता, पण प्रश्न विचारून ती आत गेली आणि ट्रंकेत भरून ठेवलेले पांढरे कपडे बाहेर काढून पुन्हा घडी घालत बसली, ते मला पाहवलं नाही. एकशे चाळीस असते तर धनुकली विकून, दुकान गहाण टाकून काहीही केलं असतं. साडेतीन हजार म्हणजे माझ्या सात पिढ्यांनी सगळ्या जिल्ह्याच्या गाद्या पिंजल्या तरी फिटणार नाहीत. आणि कर्ज डोक्यावर ठेवून मी काबेसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? समुद्रात मरण आलं तर कर्जासकट मरेन, आणि तिथे जप्तीवाला येणार नाही पण हिशेब विचारणारे दुसरे येतील.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते. खाकी दिसलं की मी उलटा फिरायचो. पोस्टमन समोरून आला तर मी गल्ली बदलायचो. तो बिचारा माझी मनिऑर्डर घेऊन तीन गल्ल्या माझ्यामागे धावला. (लोणखेड्याच्या एका गिऱ्हाइकाने नंदुरबारहून पाच रुपये पाठवले होते. मी सही करताना कागद दोनदा उलटून पाहिला.) सोमवारी सकाळी मामलेदार कचेरीचा पट्टेवाला दुकानात शिरला. मी त्याचा पितळी बिल्ला पाहिला आणि मागचापुढचा विचार न करता पिंजलेल्या कापसाच्या ढिगात घुसलो. तो हाका मारतोय, मी आत श्वास धरून. कापसाचा तंतू नाकात गेला, व्हायचं ते झालं. मी ढिगातून शिंकत वर आलो तेव्हा माझं डोकं, दाढी, भुवया सगळं पांढरं. पट्टेवाल्याने राम राम राम म्हणत जो उंबरा ओलांडला तो थेट चौकात थांबला. त्याला मामलेदारसाहेबांसाठी दोन उशा हव्या होत्या. त्या त्याने नंतर दुसऱ्या पिंजाऱ्याकडून घेतल्या.

मंगळवारी ठरवलं की जे असेल ते एकदा विचारून यायचं. प्रकाशा गावापर्यंत मोटर, तिथे होडीने तापी ओलांडली, पलीकडून दुसरी मोटर, असा नंदुरबारला पोचलो. बँक सापडली. बँकेच्या दारात बंदूकवाला उभा. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि म्हटलं, आधी जरा कल घ्यावा. एक शेठजी आत गेले आणि हसत बाहेर आले, तेव्हा मी उठलो. तेवढ्यात एक म्हातारा डोळे पुसत बाहेर आला, तेव्हा मी बसलो. असे पाच चहा झाले. सहाव्या चहाला दुकानदाराने विचारलं, चाचा, कुणाची वाट बघताय? मी म्हणालो, कुणाची नाही. तो बंदूकवाल्याकडे बघून म्हणाला, मग तो मघापासून तुमच्याकडे का बघतोय? मी पैसे टाकले आणि मिळेल त्या मोटरीने निघालो. बारा पैशांचे चहा, मोटरीचं जाऊन-येऊन भाडं, होडीचे दोन आणे, आणि हातात काय, तर पोटात आंबट ढेकर. घरी सांगितलं की बँक बंद होती. (त्याची माफी मी दुसऱ्या दिवशी अख्तरबानोकडे मागितली. तिने लगेच दिली नाही.)

बुधवारी लोटनला बरोबर घेतलं. त्याला यायचं नव्हतं असं नाही. तो तयार होऊनच बसला होता. बँकेत गेल्यावर त्याने मला खांद्याला धरून खिडकीपुढे उभं केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. खिडकीत करमसिंग गिरासे नावाचे कॅशियर, वयाने आपल्या पोरांएवढे, पण चष्म्यामुळे मोठे वाटणारे. मी पुस्तक पुढे सरकवलं आणि घरून पाठ करून नेलेलं एका दमात बोलून टाकलं: साहेब, मी गरीब माणूस आहे, चूक झाली, रक्कम मोठी आहे हे मला कबूल आहे, महिन्याला दोन रुपयांचा हप्ता करून द्या, फक्त मला मक्केला जाऊन येऊ द्या, मी पळून जाणार नाही, हा लोटन पाटील जामीन राहतो. (मागे पाहिलं तर लोटन आणखी दोन पावलं मागे सरकला होता.) करमसिंग एक भलं मोठं खातेबुक घेऊन आले, पानं उलटत राहिले, आणि मग त्यांनी विचारलं की तुम्ही नक्की कशाचा हप्ता म्हणताय. मी म्हणालो, नावेच्या रकमेचा, उजवीकडच्या. तेव्हा त्यांनी चष्मा काढला. इंग्रजी पद्धतीत, ते म्हणाले, आपल्या वहीच्या बरोबर उलटं असतं. उजवी बाजू जमेची, डावी नावेची. तुम्ही एकशे साठ भरलेत आणि वीस काढलेत. आणि चाचा, हे बचतीचं खातं आहे, भरलेत त्याहून जास्त यातून काढताच येत नाहीत.

भाई, मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोटन लगेच चार पावलं पुढे आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मी म्हनत नव्हतू का? तू उगाज घाबरी ऱ्हायना!" सगळी बँक हसली, बंदूकवालादेखील. आणि बरोबर त्याच वेळी करमसिंगांनी खातेबुकात बोट ठेवून सांगितलं, की तुमचे व्याजासकट दोनशे अठरा रुपये दोन आणे होतात.

व्याजासकट! म्हणजे अठ्ठ्याहत्तर रुपये दोन आणे हरामचा सूद, माझ्या नावावर, पंधरा वर्षं, मला न विचारता. रमजानातदेखील. मी पंधरा रमजान पाळले आणि हे तिकडे तापीपलीकडे वाढत होतं. आतापर्यंत जप्तीची भीती होती, ती एका खिडकीत संपली, आणि जिला पट्टेवाला लागत नाही अशी दुसरी सुरू झाली. मी करमसिंगांना म्हणालो, साहेब, मुद्दल द्या, व्याज तुमचं तुम्हाला ठेवा. ते म्हणाले, बँकेला व्याज परत घेता येत नाही, त्याचा फॉर्म नाही. मी म्हणालो, मग तसंच खात्यात राहू द्या. ते म्हणाले, राहू द्या, पण मग त्याच्यावरही व्याज चढेल. हे मात्र मला सहन झालं नाही. मी मक्केत काबेभोवती तवाफ करत असणार आणि इकडे नंदुरबारात व्याजाला व्याज होत असणार! मी सगळं काढून घेतलं. एकशे चाळीस माझ्या कमरेच्या पिशवीत ठेवले, आणि अठ्ठ्याहत्तर रुपये दोन आणे लोटनच्या पागोट्याच्या टोकाला बांधले, हात लावायला नको म्हणून. येताना प्रकाशाच्या होडीत मी त्याला पार दुसऱ्या टोकाला बसवलं. न जाणो, होडी बुडायचीच असली तर निदान त्याच्या बाजूने बुडावी.

मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सूदाचा पैसा स्वतःवर खर्चू नका, गरजूला देऊन टाका आणि त्यात पुण्याची आशा धरू नका. लोटन म्हणाला, "मंग मले दे ना. मन्हाइतका गरजू कोन शे?" मी त्याला दिला नाही, त्याच्याकडे सहा बैल आहेत. काठी गावाकडच्या डोंगरातून दर बाजाराला एक दिवलीबाई लाकडांची मोळी घेऊन येते. नवरा गेला, दोन मुली आहेत, पायात काही नसतं. मी तिला पहिला हप्ता म्हणून दहा रुपये दिले. तिने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की किती मोळ्या पाहिजेत. मी म्हणालो, मोळ्या नकोत, असेच घे. तिला ते पटलं नाही. फुकटचं घ्यायला मी काय म्हातारी झाले का, असं काहीसं ती तिच्या बोलीत म्हणाली, चार आण्याला एक मोळी या भावाने बोटांवर हिशेब केला आणि नोट कमरेला खोचली. परवापासून ती आणि तिच्या मुली लाकडं आणताहेत. अकरा मोळ्या आल्या, एकोणतीस यायच्या आहेत. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आणि अख्तरबानो त्यातलं एक लाकूड चुलीत घालायला तयार नाही, कारण ती म्हणते त्या जाळावर भाजलेल्या रोट्या घेऊन मी बोटीत चढणार नाही. म्हणजे सूद घराबाहेर काढायला गेलो तो सरपण होऊन दारात येऊन बसला. उरलेले अडुसष्ट रुपये दोन आणे आता मी कुणाला द्यायलाच घाबरतो. न जाणो तोही काही तरी आणून टाकायचा.

तरी एकंदरीत अल्लाचे आभार मानायला हवेत. बँकेचं देणं नाही, बाजाराचं नाही, गजराबाईचं नाही. एकोणीस जानेवारीचं जहाज आहे. आम्ही सोळालाच मुंबईच्या मुसाफिरखान्यात पोचतो, तुम्ही आणि भाभी तिथेच भेटा. येताना लिंबाचं लोणचं आणा, बोटीत पोट ढवळलं तर बरं पडतं. माझ्याकडून सगळ्यांना दुवा.

तुमचा धाकटा भाऊ,
शब्बीर

ता. क. लोणच्यात तेल कमी घालायला सांगावं. गेल्या वेळच्या बरणीने माझी नवी टोपी गेली.

ता. क. दुसरा. तुम्हाला धुळ्यात लाकडांची गरज असली तर कळवा. बैलगाडीचं भाडं मी देईन.

ता. क. तिसरा. दाऊदभाई, पत्र पाकिटात घातलं, डिंक लावला, पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. पाकीट फोडून हे लिहितोय. ते खातं मी विसरलो नव्हतो. एक दिवसदेखील विसरलो नव्हतो. पुस्तक गादीत मीच शिवून ठेवलं होतं. एकवीस साली जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्याच्या चाळीस गाद्या आपण दोघांनी मिळून भरल्या. साहेब बिल न देता विलायतेला गेला असं मी तुम्हाला सांगितलं. साहेब गेला हे खरं. पण जाताना माझ्या हातात दोन चेक देऊन गेला, शंभराचा आणि साठाचा, आणि चेक वटवायला खातं लागतं म्हणून मी ते काढलं. त्यातले ऐंशी तुमचे होते. पहिल्या आठवड्यात सांगू म्हटलं, मग दुसऱ्या, मग सांगायची हिंमतच झाली नाही. त्या दिवाळीत तुमचं दुकान बसलं आणि तुम्ही शहादा सोडून धुळ्याला दुसऱ्याच्या दुकानात रोजावर गेलात. निघताना तुम्ही माझ्याकडे वीस रुपये उसने मागितलेत. ते मी त्याच खात्यातून काढून दिले. तुमचेच पैसे तुम्हाला उसने दिले, आणि तुम्ही दर महिन्याला दोन-दोन रुपये पाठवून ते फेडलेत. दर मनिऑर्डरीच्या कुपनावर लिहायचात की शब्बीर, तुझे उपकार विसरणार नाही. दहा कुपनं आहेत. सगळी माझ्याकडे आहेत. पुस्तक उघडल्यावर एकशे साठ नावेच्या बाजूला दिसले तेव्हा मला चांगलं आठवत होतं की ते मी भरलेले आहेत. म्हणूनच मी कापसावर बसलो. वाटलं, वर बसलेल्याने हिशेब दुरुस्त केला.

तुमच्या ऐंशी रुपयांची मनिऑर्डर आज करतोय. व्याजातला निम्मा वाटाही तुमचाच, पण सूद तुम्ही घेणार नाही, आणि त्यातल्या दहांची तर लाकडं झाली. मौलवीसाहेबांना मी नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, पैसे परत केले तरी माफी वेगळी मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही ते समोरच्याने ठरवायचं. मशिदीत उभं राहून सगळ्या शहाद्याची माफी मागणं मला सोपं गेलं, कारण तुम्ही धुळ्यात होता.

आता तुमची मागतो. मला भीती वाटते, भाई. जप्तीची वाटली तशी नाही, त्याहून जास्त वाटते. माफ केलं असलं तर एका कार्डावर तेवढंच लिहा. नसेल तर तेही लिहा, अख्तरबानोला काय सांगायचं ते मी बघीन. उत्तर आलं नाही, तरी मी एकोणीस तारखेला बंदरावर येईन आणि गर्दीत मागे उभा राहीन. तुम्ही हाक मारलीत तरच शिडी चढेन.